पावडरीच्या डब्यातला चमचा

सायकलवाल्यांनो, मागच्या रविवारी माझ्या ओट्यावर तीन पाण्याच्या बाटल्या विसरलात. डोकी तरी बरोबर नेलीत, का तीही हितंच शोधू? मी सांगतेय, माझी नात दीपा तुमच्या ग्रुपवर लिहितेय.

तुमच्यातला दत्ता, माझा थोरला, आजही बारामतीहून कळसला सायकलवर आला आणि अर्ध्या भाकरीवर ताटावरनं उठला. हा तिसरा रविवार. माझ्या हातची चव गेली, का पोराला दुखणं लागलं? शेवटी त्यालाच विचारलं.

"आये, निघताना प्रोटीन पावडर घेतली. पोट गच्च हाय."

"किती घेतलीस?"

"डब्यात चमचाच न्हवता. आमटीच्या पळीनं घेतो, सायकलच्या दिवशी दोन पळ्या."

डबा त्याच्या पाठपिशवीतच होता. मी पावडरीत मनगटापर्यंत हात घातला. पेंडीच्या पोत्यातलं माप असंच तळाशी जातं. प्लास्टिकचा बारकासा चमचा निघाला. दीपानं डब्यावरचं वाचलं: एका वेळी एक चमचा, तोही जेवणाच्या जोडीला.

"वाचायला तुला येतं, का मला?" मी म्हटलं. पन्नाशीचा बाप्या खाली बघून हसला.

पावडरीशी माझं भांडण न्हाय. दुभत्या गाईला आपणही पेंड लावतोच, पण वैरण तोडून न्हाय. तुमच्यातले कितीजण असं मापाविना पिताय? खरं सांगा.

आणि सूनबाई, दत्ताच्या फोनवर हे वाचशीलच; पुढच्या रविवारी त्याच्यासंगं मोड आलेली मटकी पाठव, उसळ मी करते, आणि त्याच्या पोटात जागा ठेवून पाठव.