हातात परत ठेवलेला चेंडू

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते सांगतो. त्या दिवशी जमुनाने माझ्यापुढे चेंडू धरला होता, आणि मी तो तिच्या हातात परत ठेवला.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा तो पिचर. त्याचा खांदा दमला, की प्रशिक्षकाने मैदानात चालत जायचं, चेंडू मागून घ्यायचा आणि ताज्या दमाच्या पिचरला द्यायचा. कधी जायचं हे ओळखणं, एवढंच त्याचं खरं काम. मी तेव्हा वरोऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर खेळ शिकवायचो.

जमुना मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. फेकताना तिचं तोंड अखंड चालू. समोरच्या बॅटवालीला म्हणायची, "भिऊ नको बाई, तुले बॉल दिसनच नाई!" आमची दुसरी पिचर पूनम सरावाला उशिरा आली, की, "काऊन वं, नवरी सजून राह्यली होती का?" तिला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंच्या राखीव जागेसाठी जिंकल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. "सर, एकदा वर्दी चढली का तुमाले जीपमंधी बसवून फिरवीन."

अंतिम सामना चंद्रपूरला होता. आम्ही एका धावेने पुढे. सहाव्या डावात जमुनाचं तोंड बंद झालं. मला तेव्हाच कळलं होतं. तरी आणखी दोन बॅटवाल्यांना मी तिलाच फेकू दिलं, मग चालत गेलो. मी बोलायच्या आत तिने चेंडू पुढे केला.

"सर, खांद्यात जाळ होऊन राह्यला. पूनमले द्या."

पूनम कडेला हात मोकळा करून तयार उभी होती. पण तिची फेक जमुनाएवढी भरवशाची नव्हती, आणि कप आला, की माझी नोकरी कायम होणार होती.

"प्रमाणपत्र पाहिजे ना तुले?" मी म्हणालो. "मग निभावून ने." आणि चेंडू तिच्या मुठीत दाबला.

"बरं सर," ती म्हणाली.

जिंकलो. बक्षीस घेताना मी माईकवर सांगितलं, "मी बदलायला गेलो होतो, पण पोट्टी हटलीच नाही!" टाळ्या पडल्या. जमुना डाव्या हाताने उजवा दंड धरून खाली बघत होती.

भरतीत प्रमाणपत्र चाललं. गोळाफेकीत मात्र गोळा तिच्या पायांपुढेच पडला. पुढच्या भरतीतही तेच. मग वय निघून गेलं. मी कायम झालो, आणि जिद्दीचं उदाहरण म्हणून माईकवरचं तेच वाक्य दरवर्षी नव्या मुलींना ऐकवत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात संघाची सहल मोहर्लीला नेली. पर्यटकांच्या एका खानावळीत जमुना डाव्या हाताने वाढत होती. "या सर, बसा नं." मी ओळख करून दिली, तशी एका मुलीने विचारलं, "ताई, खरंच तुम्ही सरांना मैदानातून परत पाठवलं होतं?"

जमुनाने माझ्याकडे पाहिलं.

"हो नं," ती म्हणाली. "सर तं बदलवून राह्यले होते. मीच नाई म्हटलं. भात घ्या नं सर."

मला तिने उभ्या आयुष्यात कधी 'नाई' म्हटलं नव्हतं. मी भात घेतला. खाल्लाही. तेव्हाही बोललो नाही.

खांदा मी परत देऊ शकत नाही. पण तिने चेंडू दिला होता आणि मी तो घेतला नाही, हे त्या मुलींसमोर, ती उभी असताना, माझ्या तोंडाने सांगणं, एवढं मी अजून तिचं देणं लागतो.