आत्यासाठी झालेली प्रार्थना

हे मी अजून कोणालेच सांगितलं नाही. म्हणजे — एका माणसाले सांगितलं, पण ते तिचंच होतं, तिले तर सांगावंच लागत होतं. बाकी कोणाले नाही. गावाकडं आईले नाही, चर्चच्या तरुण संघातल्या पोट्ट्यांले नाही, पाळकसाहेबाले तर नाहीच नाही. तुमाले काहून सांगून राहिलो? कारण तुम्ही मले ओळखत नाही. तुमच्या तोंडाकडं न पाहता मले बोलता येते. हसू आलं तर हसा. सुरुवात हसण्यासारखीच आहे.

मले आवाज काढता येते. कोणाचाही. रामटेकच्या पुढं आमचं गाव, तिथल्या शाळेत मी हेडमास्तरचा आवाज काढून अख्खा वर्ग उभा केला होता — सर शाळेतच नव्हते त्या दिवशी. मग नागपुरात आलो, हिंगण्याच्या एका कंपनीत लागलो, तर सुपरवायझर लगेच माह्या घशात उतरला. "सेफ्टी शूज कुठं आहे रे तुहे?" — मी बसमध्ये मागून असं म्हटलं का पुढचे लोक पाय सीटखाली घेत. पाळकसाहेबाची तर गोष्टच नका करू. "प्रिय बंधूंनो... आणि... भगिनींनो" — मधल्या त्या गॅपमध्ये ते चष्मा पुसतात. मी तो चष्मापण आवाजातच पुसतो! शिकावं लागत नाही गा. ऐकलं का येते. संघातले पोट्टे म्हणत, "सॅम्या, तुह्या घशात अख्खी मंडळी भाड्यानं राहते बे." मले भारी वाटे.

तर — आत्या.

थांबा. इथूनच जड जाते.

मनोरमा आत्या, माह्या बाबाची मोठी बहीण. दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाली. नागपुरातच महाल भागात तिचं घर; एकटीच राहत होती, आता मी तिच्याच घरी राहतो. भाड्याचं नाव काढलं का म्हणे, "भाडं देते म्हणे हा! मोठा आला जमीनदार. जा, गहू दळून आण." चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन तिचं. किती वर्षांपासून, ते तिलेही आठवत नसन. आत्या वाचाले उभी राहिली का मागच्या बाकावरचं रडणारं लेकरूही गप्प.

आन् मग तिले लकवा मारला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. जीव वाचला. दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक मॅडम होती, ती म्हणाली, रोज मोठ्यानं वाचायचं, काहीही चालेल, पेपर वाचा. आत्या तशा वाकड्या तोंडानं म्हणते — "पेपर वाचून चांगल्या माणसाची जीभ जड होते, बाई." तिनं बायबल घेतलं. स्तोत्रं. रोज सकाळी चहाच्या आधी, मोठ्यानं. एकेक शब्द असा निघे, जसा चिखलातून पाय. वाचून झालं का डाव्या हातानं वहीत दोन ओळी लिही — आज काय वाचलं, आन् त्यातलं मले काय लागू पडते. मनन म्हणतो आम्ही त्याले. अक्षर असं का कोंबडी नाचून गेली. कधी वाचता वाचता रडे. रडून झालं का जिथं थांबली तिथूनच पुढं.

आन् ती सुधारून राहिली होती. हे मले जेवढं माहीत होतं, तेवढं कोणालेच माहीत नव्हतं. मॅडमलेही नाही. माहे कानच तसे आहेत नं — काल अडकलेला शब्द आज सुटला का पहिले मले कळे.

आता सांगू? सांगतो.

एक दिवस कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो. संघातला विक्की माहा दोस्त. त्याचा मेसेज आला, नवीन काही ऐकव बे. माह्याजवळ नवीन काय होतं? आत्या होती. मी फोन तोंडाजवळ घेतला आन् तिनं सकाळी वाचलेलं स्तोत्र तिच्या आवाजात म्हटलं. तिच्या म्हणजे — तिच्याहून खराब. नकल करणाऱ्याचा हात असाच असते, मीठ जास्त पडल्याशिवाय त्याले चवच लागत नाही. लाळ टाकली. अडखळणं वाढवलं. शब्द अर्ध्यात सोडले. शेवटी रडका सूर लावला. अशी ती व्हॉइस नोट. पाठवली.

मले वाटलं विक्की हसन. त्यानं लिहिलं — "बापरे. आत्याले एवढा त्रास होऊन राहिला? मी आईले सांगतो, प्रार्थनेले ठेवते ती."

त्याले वाटलं मी आत्याचं रेकॉर्डिंग केलं! आता खरं सांगतो, आन् हे सांगताना मले स्वतःचीच किळस येते — पहिले मले आनंद झाला. ओळखूच नाही आलं! एवढा हुबेहूब! तेवढ्या वेळात ते तिकडं निघून गेलं. विक्कीच्या आईनं ती नोट महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकली — आपल्या मनोरमाबाईंचे हाल ऐका, भगिनींनो, कळकळीने प्रार्थना करा. झालं. जोडलेले हात, मेणबत्त्या, रडणारे चेहरे, इमोजींची नुसती रांग. एकीलेही शंका आली नाही. आमच्या मंडळीचं असंच आहे, कोणाच्या दुखण्याची बातमी आली का आधी गुडघे टेकतात, मग चौकशी करतात. एरवी मले ह्याचा अभिमान वाटते.

आन् महिला मंडळाच्या ग्रुपवर आत्याही होती.

संध्याकाळी घरी आलो, तर ती खुर्चीवर बसून होती, डाव्या हातात फोन. ऐकून राहिली होती. संपलं का पुन्हा लावे. मी चप्पल काढून राहिलो होतो, तिनं विचारलं, "सॅम, हे फोनमध्ये कोणी भरलं गा? खिडकीतून कोणी भरलं असन काय?" मग नोट पुन्हा लावून — "मी... अशी बोलून राहिली?"

आत्या, ती तू नाही, मी आहे. बस, एवढंच म्हणायचं होतं. किती मोठं वाक्य आहे हे? दिवसभर तोंड चालते माहं, अख्ख्या मंडळीचे आवाज घशात, आन् तेव्हा त्या घशातून निघालं काय?

"फोनमध्ये आवाज असाच येते, आत्या."

हा आहे माहा गुन्हा. नकल केली तो बावळटपणा होता. पण हे वाक्य मी माह्या आवाजात बोललो. शांतपणे. चप्पल जागेवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या खोलीतून आवाज आला नाही. मी डोकावलो, तर बायबल उघडं होतं आन् तिचे नुसते ओठ हलून राहिले होते. लकव्यानंतर चर्चनं वाचनाची तिची जागा राखून ठेवली होती; त्या रविवारी तिनं त्यातून आपलं नाव काढायले लावलं. मॅडम रागावली, "बंद काहून केलं? चांगलं चाललं होतं नं?" आत्यानं मान हलवली. तिले वाटलं, मॅडम मन राखते. मॅडम खोटं बोलून राहिली असं वाटे तिले — आन् मी खरा! हिवाळा असा गेला. सुटलेले शब्द परत अडकाले लागले. हेही पहिले मलेच कळलं.

पण लिहिणं बंद नाही झालं तिचं. आवाज गेला, वही नाही गेली. आन् मले म्हणे, "तू वाच. मी ऐकन." मग सकाळी मी वाचायचो. आन् वाचून झालं का ती वहीचं कोरं पान फाडून माह्यापुढं सरकवे. नुसतं वाचून पोट भरत नाही म्हणे, दोन ओळी लिही. मी काय लिहिणार? मी पाळकसाहेबाच्या स्टाइलमध्ये लिहिलं — "प्रभूचे प्रेम अथांग सागरासारखे आहे." आत्यानं वाचलं, कागद परत दिला. "हे त्यायचं आहे. तुहं कुठं आहे?"

माहं? मले हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. कागदावर आवाज नसते हो. नकल चालत नाही तिथं. बसलो मग डोकं खाजवत. पहिले लिहिलं, "आज झोप आली वाचताना." ती म्हणाली, "हे तुहं आहे." असं करत करत दोन ओळी येऊ लागल्या. सुपरवायझरवर राग आला ते लिहिलं. गावाची आठवण लिहिली. एक गोष्ट सोडून सगळं लिहिलं. आन् गंमत पाहा, जी गोष्ट लिहीत नव्हतो, तीच रोज त्या कोऱ्या कागदावर आधीच येऊन बसलेली असे. रोज सकाळी मी तिच्या बाजूबाजूनं लिहायचो.

उन्हाळा लागला, कूलर लागले. तेव्हा आम्ही मोशेची गोष्ट वाचून राहिलो होतो. देव त्याले म्हणते, जा, राजासमोर जाऊन बोल. तो म्हणते, मले नाही बोलता येत, माही जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाले पाठव. मी वाचलं. पुस्तक बंद केलं. आत्यानं बराच वेळ लिहिलं, आन् वही माह्याकडं केली — वाच. तिचं मनन मी कधी वाचत नसे. त्या दिवशी तिनंच दिलं.

लिहिलं होतं, देवाला माझ्या आवाजाची लाज वाटत नाही. मला वाटते. ही लाज मला आता ठेवायची नाही. जसा आहे तसा आवाज घेऊन रविवारी वाचन मागणार.

जसा आहे तसा! म्हणजे तिच्या हिशोबानं तो व्हॉइस नोटमधला. लाळवाला, रडका, अर्धे शब्द गिळणारा. तो आवाज घेऊन ही बाई अख्ख्या मंडळीसमोर उभी राहणार होती. माहा आवाज घेऊन!

मी सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, वही हातातच होती.

आत्यानं वही माह्या हातातून घेतली. मग म्हणाली, "काढ."

"काय?"

"माहा आवाज. आता. इथं."

मी काढला. अर्ध्यात मी थांबलो. ती म्हणाली, "पूर्ण कर." पूर्ण केलं. आयुष्यात एवढी लांब नकल मी केली नव्हती.

"इतकी खराब नव्हती मी."

"नाही, आत्या."

"आन् तुले माहीत होतं."

"हो."

कूलरचं पाणी संपलं होतं, तो नुसता घरघर करून राहिला होता. "बस येईन तुही," ती म्हणाली. "जा." मग कितीतरी दिवस माह्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज ओट्यावर, एका हातानं भरलेला, झाकण वाकडं लागलेलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एका रविवारी तिनं वाचलं. मोशेचंच. पहिल्याच ओळीत शब्द अडकला. चर्चमध्ये नुसते पंखे वाजून राहिले. कोणीतरी मदत कराले खालून तो शब्द म्हणणार होतं, तर तिनं डावा हात वर केला — थांबा. आन् काढला तो शब्द. मग पुढचा. जीभ जडच होती, घाम आला होता, पण शेवटच्या ओळीपर्यंत ती गेली, आन् एकही शब्द तिनं अर्धा सोडला नाही.

मग काय झालं माहीत आहे? उपासना सुटली आन् विक्कीची आई रडत रडत आत्याच्या गळ्यात पडली. "त्या रेकॉर्डिंगमध्ये काय हाल होते हो, बाई! आन् आज पाहा! प्रार्थनेचं उत्तर!" बाया जमल्या. पाळकसाहेबानं चष्मा पुसला आन् जाहीर केलं का पुढच्या उपासनेत ह्या चमत्काराबद्दल देवाची उपकारस्तुती करू. सगळे आमेन. आन् मी तिथंच, चपलांजवळ उभा. आत्यानं माह्याकडं पाहिलं. तिचं तोंड एकाच बाजूनं हसते आता, त्यामुळं मले कळलं नाही ती हसली का नाही.

घरी जाताना ऑटोत, इतक्या दिवसांनी, ती पहिल्यांदा बोलली. "मी नाही सांगणार कोणाले. माहं काम वाचायचं होतं, ते मी केलं." एक चौक गेला. "तुहं तू पाहा."

पाहून राहिलो. उपकारस्तुतीच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्याले मी माहं नाव दिलं आहे. सगळे समजून राहिले, सॅम्या काहीतरी गंमत करन. त्यांच्या आधी तुमाले सांगितलं, एवढंच. ती व्हॉइस नोट मी केली. आत्या तशी कधीच बोलत नव्हती. तिचे जे महिने नुसते ओठ हलवत गेले, ते मी खाल्ले. मॅडम म्हणते, तेच महिने कामाचे होते, आता किती सुटन सांगता येत नाही. आन् जेवढी जीभ सुटली, ती तिनं सोडवली — रोजचं वाचन, डाव्या हाताच्या त्या दोन ओळी, आन् तिचा देव. बायांच्या प्रार्थनेनं काही झालं असन तर ते देव जाणे. माहं त्यात काही नाही.

आता सकाळ आहे. चहा व्हायचा आहे. आत आत्या वाचून राहिली आहे, मोठ्यानं. आता एक शब्द अडकला. मले येते तो शब्द. मी गप्प आहे.

निघाला.