दोन बैल आणि हायवेचा पूल

सीमेवरच्या तांड्यांना पूल द्या, असं पत्रक मी आमच्या संघटनेसाठी आजवर तीनदा लिहिलं. तिन्हींत एक वाक्य होतंच: 'आमच्या काठावरून आत्याचं शेत दिसतं.' खोटं नाही. पैनगंगेच्या अलीकडं आमचा तांडा, यवतमाळ जिल्हा. पलीकडं आत्याचं शेत, तेलंगणा. पाणी उतरलं की बैल घेऊन अर्ध्या तासात पलीकडं. नदी भरली की हायवेच्या पुलावरून पायी अख्ख्या दिवसाचा फेरा. सीमा आखणाऱ्याला बैल हाकायचे नव्हते!

यंदाच्या पावसाळ्यात आत्याचा एक बैल मेला. कपाशीत तण माजलं, बैलजोडीनं करायची डवरणी अडली. बहिणीच्या शेतात आपली जोडी धाडायची, ही बाची दरसालची रीत. पण पाणी उतरेना.

"पिकअप करू, बा. दीड तासाचं काम," मी म्हणाले.

"बैलाले गाडीत कायले चढवतं? त्याईले पाय हायेत ना."

मी ऐकलं नाही. संघटनेच्या लेटरहेडवर 'दोन बैल, शेतीकामासाठी, परराज्यात वाहतूक' असं लिहून शिक्का मारला. ऊन लागू नये म्हणून वर ताडपत्री टाकायला लावली. आवाजानं बिथरतील म्हणून गळ्यातल्या घंटा सोडवून पिशवीत ठेवल्या. बा जू उचलत होता, तेही म्हटलं राहू दे, आत्याकडं आहे.

पुलाच्या अलीकडं नाक्यावर पोलिसानं ताडपत्री वर केली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झाकलेली गाडी, आखूड बांधलेले मुके बैल, तोंड दक्षिणेला. असे बैल कुठं जातात ते हायवेवर पोरासोरांनाही ठाऊक आहे. मी घाईनं कागद पुढं केला.

"मॅडम, कागद तर पक्का हाय," तो म्हणाला. "कापायले नेणाऱ्यापाशीबी असाच पक्का असते."

मी कायदा सांगू लागले. आवाज चढला. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागच्या पोरानं मोबाइल वर धरला. आमचा ड्रायव्हर पुटपुटला, "ताई, माही गाडी जप्त होते आता." गाडीचं सोडा. बैल जप्त झाले असते तर बाचं साल गेलं असतं, आत्याचंही. पत्रकातलं एकही वाक्य आठवेना.

बा खाली उतरला. "साहेब, हात आना जरा." त्यानं पोलिसाचा हात तांबड्या बैलाच्या मानेवर ठेवला, जुवानं घट्टा पडतो तिथं. "आता वास घ्या."

पोलिसानं बोटं नाकाशी नेली.

"हळद अन् तेल. काल लावलं. कापायच्या बैलाची मान कोनी चोळते काय?"

पोलिसानं बोटं पुन्हा मानेवरून फिरवली. मग म्हणाला, "माह्या बापाघरीबी असंच लावते. पन गाडीनं नाही, काका. पायी न्या. अन् ते घंटा-गिंटा असन तर घाला गळ्यात."

आम्ही पुलावर चढलो. ट्रक कानाशी भोंगे वाजवत जात होते, दुसरा, ठिपक्यांचा बांडा बैल कठड्याला घासत होता, आणि ती मोटरसायकल मागं, सावकाश.

"मांगं पाहू नोको," बा म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आपले जुने लोक हजार-हजार बैलांवर मीठ लादून घाट उतरत. तुले दोन नेता नाही आले."

पुलाच्या मध्यावर माझ्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज वाजला.

"काय म्हनते?"

"आपलं स्वागत आहे म्हणते, या राज्यात."

"आपलं, का बैलाचं?"

पूल संपला तिथं मोटरसायकल वळली. तरी आत्याच्या बांधापर्यंत प्रत्येक गाडीच्या आवाजाला मी दचकत होते. दिवस मावळता पोचलो. दुसऱ्या दिवशी मी एकटी बसनं परतले.

डवरणी तीन दिवसांत आटपली. बा मात्र निघेना. फोनवर म्हणाला, "पुलावरून नाही येत. नदी उतरू दे."

आता मी सकाळ-संध्याकाळ काठावर जाते. पाण्याच्या कडेला खूण म्हणून एक दगड ठेवलाय. पलीकडं दोन बैल चरताना दिसतात, एक तांबडा, एक बांडा. अलीकडं आमच्या वावरातही तण वाढतंय. आज सकाळी दगड पाण्याखाली होता.