डॉक्टरांनी बंद केलेला आवाज

“मी बघतोय ना, तुम्ही फक्त श्वास घ्या,” असं म्हणत आमचे डॉक्टर पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि मगच दुर्बीण हातात घ्यायचे. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या त्यांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं नर्स होते. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी म्हटलं की भलेभले रडकुंडीला येतात, हे तुम्हीही कुणाच्या तरी घरी पाहिलं असेल.

मग एआयचं यंत्र आलं. आतड्यात पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब दिसला की ते पडद्यावर हिरवा चौकोन काढतं आणि टिंग करतं. असे कोंब वेळीच काढले नाहीत तर काहींचा पुढे कॅन्सर होतो. पण यंत्र आतड्यातल्या साध्या फेसालाही टिंग करायचं आणि अर्धवट गुंगीतला पेशंट दचकायचा. एका सिंधी शेठने तर दर टिंगला “डॉक्टरसाब, कितने हुए?” विचारून आम्हाला वेडं केलं. शेवटी डॉक्टरांनी आवाजच बंद केला.

“चौकोन दिसतो ना आपल्याला? मग त्या माणसाला कशाला घाबरवायचं?”

मला पटलं. खरं सांगते, त्या निर्णयाचा मला अजूनही राग येत नाही.

पुढे अंबरनाथचे एक काका आले, निवृत्त फिटर. त्यांचा भाऊ आतड्याच्या कॅन्सरनेच गेलेला, त्यामुळे भीतीने आधीच अर्धे झालेले. दुर्बीण बाहेर काढताना ते जोरात कळवळले, तेव्हा आम्ही दोघांनीही पटकन त्यांच्या तोंडाकडे बघितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, “साफ आहे सगळं.” काका माझा हात धरून रडले.

दुपारी डबा खाता खाता सकाळचं रेकॉर्डिंग बघायची डॉक्टरांना खोड होती. मी नाक मुरडायचे. त्या दिवशी घास त्यांच्या हातातच राहिला. काका कळवळले त्याच क्षणी आतड्याच्या एका घडीआडून हिरवा चौकोन चमकून गेला होता. डॉक्टरांनी तेवढा तुकडा चार वेळा मागे नेऊन बघितला. फेस नव्हता. आवाज चालू असता तर आमची मान वळली असती.

“फोन करू त्यांना?” मी विचारलं.

“फोनवर नाही. साफ आहे असं मी तोंडावर सांगितलंय.”

रिक्षाने अंबरनाथ गाठलं. डॉक्टर दारातच म्हणाले, “काका, माझ्याकडून एक जागा बघायची राहिली. उद्या परत यावं लागेल.”

काका भडकले. “साफ म्हणाला ना तुम्ही? मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलो! माझ्या भावाला पण असंच फिरवत ठेवलं, गेला तो. आणि ते पोट साफ करायचं खारट पाणी तर मेलो तरी परत नाय पिणार.”

डॉक्टरांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणाले, “मी पण पितो तुमच्याबरोबर.”

काकूंनी दोन ग्लास आणले. डॉक्टरांनी बरोबर आणलेलं औषध त्यात ढवळलं आणि आपला ग्लास घटाघट संपवला. त्यांचं वाकडं झालेलं तोंड बघून मला हसू आलं, पण दाबलं. काका बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिले, मग प्याले.

दुसऱ्या दिवशी आवाज चालू होता. सुरू करण्याआधी डॉक्टर स्वतःच दोनदा संडासकडे पळाले होते. पहिलं टिंग झालं तसं काकांनी माझं मनगट आवळलं. फेस निघाला. काही वेळाने पुन्हा टिंग. डॉक्टर थांबले. घडीमागे चपटा कोंब होता, आजूबाजूच्याच रंगाचा. त्यांनी तो तारेच्या फासाने कापून काढला. हात स्थिर होता, मानेवरून मात्र घाम वाहत होता. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण वाट तीच धरलेली होती. डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला.

वर्षाने काका पुन्हा तपासणीला आले, तेव्हा त्या खुर्चीत नवे डॉक्टर होते. आमचे डॉक्टर त्याआधीच हार्ट अटॅकने गेले होते. मला त्यांची फार आठवण येते.

तपासणी साफ निघाली. नव्या डॉक्टरांनी तसं सांगितलं, तरी काका बाकावरून उठेनात.

“सिस्टर, त्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो,” ते म्हणाले. “माझ्या दारात आले होते ओ. साधा चहा पण नाय विचारला मी.”