मंगळावरचा ताजा खड्डा

नातीनं मोबाइलवर मंगळाचं छायाचित्र दाखवलं. तिकडं घिरट्या घालणाऱ्या यानानं टिपलेलं. तांबड्या मातीत उल्का आदळून पडलेला ताजा खड्डा. "आजोबा, सुटे दगडसुद्धा दिसून राहिले!"

मला तरुणपणी खोदलेली कुरुंदा गावची आमची विहीर दिसली. तळाशी धाकटा भाऊ गणू, काठावर सुरुंगाच्या तारा धरून मी. "बार हाय, वर ये!" असं ओरडून गंमत म्हणून मी त्याला दोनदा खोटंच पळवलं होतं. तिसऱ्यांदा खरं ओरडलो. खालून तो हसला, "दादा, आता न्हाई फसायचो!"

बार लहानच आहे, चार खडे लागू देत, अद्दल घडेल, म्हणत मी तारा बॅटरीला टेकवल्या.

धूर विरल्यावर वरून नुसते दगड दिसले; गणू त्यांच्याखाली होता. गावाला सांगितलं, मी हाक दिली होती. त्यानं दिलेलं उत्तर आजवर कुणाला सांगितलं नाही.