आठव्या रांगेतली टाळी

टाळ्या वाजवायला कसली आलीय अक्कल, असं कुणी म्हटलं की मी त्या माणसाशी भांडायला उठते. मी अर्धं आयुष्य नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत काढलंय. मध्यंतरानंतर खिडकी बंद करायची आणि मागच्या दाराशी उभं राहून उरलेलं नाटक बघायचं, हा माझा शिरस्ता. त्यामुळे नाटकांचे शेवट सगळे मला तोंडपाठ, सुरुवात एकाचीही माहीत नाही. आणि त्या शेवटांना ज्या टाळ्या पडायच्या, त्यांतली पहिली टाळी कुणाची हे मालक, मी आणि टाळीमास्तर अशा तिघांनाच ठाऊक असायचं.

टाळीमास्तर हे आम्ही ठेवलेलं नाव. नाट्यगृह मालकांचं, नाटक कंपनीही मालकांचीच, आणि मास्तर त्यांचे पगारी प्रेक्षक. इस्त्रीचा शर्ट घालून आठव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायचे. आठवीच का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पुढचे फुकट पासवाले, ते मानापायी हात हलवत नाहीत. गॅलरीवाले कशालाही वाजवतात, त्यांना किंमत नाही. पदरचे पैसे मोजून आलेला शहाणा माणूस आठवीपासून सुरू होतो. त्याला फसवता आलं पाहिजे." वाक्य संपल्यावर वाजवलेली टाळी म्हणजे भीक, आधी वाजवलेली म्हणजे घाई. शेवटच्या शब्दाच्या तोंडावर हात पडला, की आजूबाजूच्यांना वाटतं हे आपल्यालाच सुचलं. विनोदी नाटकाला तळवे सपाट, गंभीर नाटकाला किंचित पोकळ. थंडीत हात कोरडे पडले की आवाज फाटतो, म्हणून खिडकीशी उभं राहून तेल चोळायचे. माझ्या तिकिटांना त्या तेलाचे डाग लागायचे आणि मी त्यांच्या नावाने खडे फोडायची.

ही झाली कामाची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे टाळी न वाजवणं. एखादा नट पगारवाढ मागायला लागला, की मालक खिडकीशी येऊन हळूच म्हणायचे, "मास्तर, आज हात खिशात." झालं. त्या दिवशी त्या नटाने जीव ओतला तरी सभागृह ढिम्म. लोक इतके भित्रे असतात, की शेजारच्याने वाजवल्याशिवाय त्यांना आपलं आवडलेलंही खरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी नट वठणीवर. मास्तर हे किस्से हसून हसून सांगायचे. "मी कुणाचं वाईट करत नाही, तिकीटबाई," ते म्हणायचे, "मी फक्त काही करत नाही." मला तेव्हाही ते वाक्य आवडलं नव्हतं.

मास्तरांची बायको त्याच कंपनीत होती. मोलकरीण, शेजारीण, पाहुण्यांना पाणी आणून देणारी, असली कामं करायची. घरी येऊन स्वयंपाक करायची आणि पुन्हा रंगमंचावर जाऊन पाणी आणून द्यायची, असं मी तिला चिडवायची. मग एके दिवशी मालकीणबाईंचा, म्हणजे कंपनीच्या मुख्य नटीचा, घसा बसला. सगळ्या भूमिका पाठ असलेली एकटी हीच. ती उभी राहिली.

प्रयोगाआधी मालक खिडकीशी आले. "उद्यापासून बाई परत उभ्या राहणार आहेत. आज कुणी डोक्यावर बसायला नको. हात खिशात."

"घरचंच माणूस आहे, मालक," मास्तर म्हणाले.

"म्हणून तर मुद्दाम सांगतोय."

मास्तर आत गेले. मला वाटलं, आज हे विसरतील. बायको आहे, माणूस आहे, विसरतील.

त्या नाटकाच्या शेवटी घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि आई दार उघडत नाही. ती दाराला पाठ लावून उभी राहते, एक वाक्य बोलते आणि पडदा पडतो. मालकीणबाई ते वाक्य रडून म्हणायच्या. हिने साधं म्हटलं, दूध संपलंय म्हणून सांगावं तसं. माझ्या अंगावर काटा आला. एका माणसाने मांडीवरचे हात उचललेले मी पाहिले. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हात परत खाली ठेवले. मास्तरांचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. दाराला टेकलेली ती बाई सरळ आठव्या रांगेकडे बघत होती. पडदा पडला आणि खुर्च्यांची करकर तेवढी ऐकू आली.

बाहेर पडताना मास्तर माझ्या शेजारून गेले. मालकांचा हुकूम होता हे मान्य. नोकरी होती हेही मान्य. पण मी त्यांचा चेहरा जवळून बघितला आणि त्यावर थोडं समाधानही होतं. बायको आपल्यापुढे जाणार नाही, ही खात्री त्यांना बरी वाटली होती. याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही, आणि त्यांनी माझ्याकडे कधी माफी मागितलीही नाही.

ती पुन्हा रंगमंचावर चढली नाही. घरी बसून शर्टांना काज-बटणं करून द्यायला लागली. त्यांना एक मुलगी होती. ती मोठी झाली, बापाच्या नाकावर टिच्चून नाटक शिकायला गेली. आईच्या शेवटच्या आजारात आईनेच तिला त्या प्रयोगाबद्दल सांगितलं. आई गेली आणि मुलीने बापाशी बोलणं टाकलं. "माझ्या प्रयोगाला यायचं नाही," एवढं एकच वाक्य जाताना ती बोलली. तेव्हापासून मास्तरांना जगात दुसरं काही नको होतं. लेकीने एकदा बोलवावं. माझ्या खिडकीशेजारी स्टूल टाकून ते फोनकडे बघत बसायचे. "वाचलाय तिने मेसेज," म्हणायचे. वाचलाय यावर त्यांचा आठवडा निघायचा.

दरम्यान आमचंही कंबरडं मोडलं. मालक गेले, त्यांच्या मुलाने नाट्यगृह विकलं, आणि कुठल्याशा संस्थेने त्याचं कलासंकुल केलं. लाल खुर्च्या उपटून काढल्या, जमिनीवर गाद्या टाकल्या. थोड्या खुर्च्या खालच्या कॉफीच्या दुकानात शोभेला ठेवल्या. तिकिटं फोनवर गेली. माझी खिडकी काचेने बंद केली. लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मला मदतकक्षात बसवलं, तिथे मला फक्त स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात. मास्तर टीव्हीच्या स्टुडिओत काम मागून आले. तिथे एक मुलगी 'टाळ्या' असं लिहिलेली पाटी वर धरायची आणि सगळे वाजवायचे. मास्तरांनी पाटीच्या आधीच वाजवली म्हणून त्यांना घालवून दिलं. हे सांगताना ते हसले नाहीत.

कलासंकुलाच्या संचालिकाबाई सदा काळ्या कपड्यांत. दरवर्षी महोत्सव भरवतात. त्या वर्षीचा विषय होता पडद्यामागची माणसं, आणि उद्घाटनाचा एकपात्री प्रयोग मास्तरांच्या मुलीचा. एव्हाना तिचं नाव झालं होतं. ती तालमीला आली आणि कॉफीच्या दुकानात बापासमोर येऊन उभी राहिली. मी तिथेच होते.

"बाबा, माझ्या प्रयोगाला याल?"

मास्तरांनी हातातला कप बशीत ठेवला. "बघायला?"

"नाही, बसायला. रंगमंचावर. तुमच्या कामावरच आहे. मी बोलेन, तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं."

"टाळी वाजवायची का?"

"तुम्हाला वाटलं तर वाजवा," ती म्हणाली. माझ्याकडे वळून, "मावशी, तुम्हीपण या हं."

डोळे आईचे होते.

मास्तर केस कापून आले, बूट चकचकीत करून आले. "तिने बोलावलं, तिकीटबाई."

"कशाला बोलावलंय, विचारलंत का?"

"लेकीने बोलवायला कारण लागतं का?"

उद्घाटनाला गर्दी लोटली. दाराशी स्वयंसेवक उभे होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगत होते: प्रयोगात किंवा प्रयोगानंतर टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात खिशात किंवा मांडीवर ठेवायचे, शेवटी शांतपणे उठून जायचं. मदतकक्षातून मीही हेच सांगायचं होतं. ऐकलं आणि मी तडक रंगपटाकडे गेले. मुलगी दारातच उभी होती.

"मावशी, राहू दे."

"अगं, म्हातारा माणूस आहे तो."

"आईपण म्हातारी झाली होती. सुई धरून धरून बोटं वाकली होती तिची. तिला बटण लावता येईना शेवटी, तेव्हा मी तिचा ब्लाऊज लावून द्यायचे." ती आवाज चढवून बोलली नाही. "तुम्ही होता ना त्या दिवशी? पाठीमागे उभ्या?"

मी परत येऊन मागच्या दाराशी उभी राहिले.

रंगमंचावर कॉफीच्या दुकानातली एक लाल खुर्ची आणि त्यावर मास्तर, प्रकाशात न्हालेले. मुलीने आधी लोकांना खूप हसवलं. सपाट टाळी, पोकळ टाळी, तेल, पासवाले. मास्तरही हसले, हात वर करून पोकळ टाळी कशी असते ते त्यांनी दाखवलंसुद्धा. इतकं खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग तिने मालक सांगितले, घसा बसलेली बाई सांगितली, खिसे सांगितले. मास्तर हसायचे थांबले. शेवटी ती एका दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिने तेच वाक्य म्हटलं. तिच्या आईने म्हटलं होतं तसंच, साधं. खोटं कशाला सांगू, आईपेक्षा चांगलं म्हटलं. आणि ती बापाकडे बघत राहिली.

सभागृहात कुणी हललं नाही.

मास्तरांचा हात शेवटच्या शब्दाच्या तोंडावर पडला. अगदी बरोबर जागी, पोकळ तळव्याची, गंभीर नाटकाची टाळी. दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. मग ते लोकांकडे बघायला लागले. भुवया उंचावून, चला की, असं विनवत. कुणी साथ दिली नाही. ते जोरात वाजवायला लागले, उभे राहून वाजवायला लागले. दिवा मालवला तरी अंधारात आवाज येत होता.

लोक डोळे पुसत बाहेर पडले. "शेवटी वडलांना टाळ्या वाजवायला लावणं, काय कल्पना आहे," असं एक बाई म्हणाली. सगळ्यांना वाटलं तसं बसवलंय. संचालिकाबाईंनी मुलीला मिठी मारली.

त्यानंतर तो प्रयोग गावोगावच्या महोत्सवांत फिरायला लागला आणि त्याबरोबर मास्तरही. मुलगी त्यांच्याशी बोलायची ती 'वेळेवर या' आणि 'जेवलात का' एवढंच. त्यातलं दुसरं तर ती सगळ्यांनाच विचारायची. पण मास्तर परत आले की मला सांगायचे, "तिने विचारलं, जेवलात का म्हणून."

"लोकांना आधीच सांगून ठेवतात, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?" मी विचारलं.

"दुसऱ्या प्रयोगालाच कळलं."

"मग कशाला आपलं हसं करून घेता?"

"काम चांगलं करते हो ती. कुणीतरी वाजवायला नको?"

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा पुन्हा राग आला.

मग कुणा मोठ्या समीक्षकाने लिहिलं, की शेवटच्या टाळ्यांमुळे प्रेक्षक म्हाताऱ्याला माफ करून टाकतो, प्रयोगाची धार जाते. मुलीला ते पटलं. तिला त्यांना माफ करायचं नव्हतंच. पुढच्या प्रयोगाआधी ती त्यांच्या खुर्चीशी गेली आणि म्हणाली, "बाबा, आजपासून हात खिशात."

हे मास्तरांनीच मला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी हात खिशात घातले. पण वाक्याचा शेवट आला आणि हात आपोआप बाहेर आले, टाळी पडली. आयुष्यभराची सवय. मुलगी चिडली नाही. "परत चुकलं तर मी खुर्ची रिकामी ठेवीन," एवढंच म्हणाली. "रिकामी खुर्चीपण चालेल तिथे."

दुसऱ्या दिवशी ते मदतकक्षाशी आले तेव्हा त्यांच्या हातात कागदी पिशवी होती आणि पिशवीत प्रयोगाची काळी पँट. माझ्या खणात सुईदोरा असतो हे त्यांना माहीत होतं.

"खिशाची तोंडं जरा शिवून अरुंद करून द्या, तिकीटबाई. हात जेमतेम आत जाईल इतकी. झटकन बाहेर येता कामा नये."

"मास्तर, तिचं काम चांगलं होतं म्हणत होता ना?"

"फार चांगलं होतं," ते म्हणाले. "म्हणूनच हात बाहेर येतात."

मी नाही म्हणायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटलं नाही. मी टाके घातले, दोरा दुहेरी घेतला. ते स्वच्छतागृहात जाऊन पँट घालून आले आणि माझ्यासमोर उभे राहून त्यांनी एकेक हात आत सरकवला. मनगटाशी कापड ताणलं. त्यांनी दोनदा ओढून पाहिलं, हात सुटले नाहीत.

"आता नाही चुकणार," मास्तर म्हणाले, आणि पँट नीट घडी करून पिशवीत ठेवायची होती म्हणून हात सोडवायला मला सांगितलं.