बेलार्मिनो ओलावा विकत घेतो

फ्लोरिडातल्या टॅम्पामध्ये ओलावा विकत घेणारा माणूस म्हणजे समुद्रकिनारी वाळूचं दुकान शोधणारा. इथे कपाटातल्या बुटांना बुरशी धरते, मिठाच्या बाटलीत तांदळाचे दाणे टाकल्याशिवाय मीठ बाहेर पडत नाही, आणि बेकरीतून घेतलेला कडक पाव घरी पोचेपर्यंत मऊ पडतो. अशा गावात बेलार्मिनो कुएतोनं जन्मभर फ्रिज आणि एसी दुरुस्त केले. म्हणजे लोकांच्या घरातला ओलावा उपसला आणि त्यावर पोट भरलं. हाच गृहस्थ निवृत्त झाल्यावर एके दिवशी आत ओलावा धरून ठेवणारी लाकडी पेटी आणायला निघाला, तेव्हा बायकोनं त्याला वेड्यात काढलं. कुणीही काढलं असतं.

पण कारण ती बायकोच होती. ओनेलिया लग्नाच्या आधीपासून सिगार वळत आली. आधी वेस्ट टॅम्पाच्या कारखान्यात, आणि तो बंद पडल्यावर सातव्या अव्हेन्यूवरच्या एका छोट्या दुकानाच्या खिडकीत बसून. वळणाऱ्यानं रोज स्वतःच्या ओढण्यापुरते सिगार घरी न्यायचे, हा इथला जुना रिवाज. ओनेलियाला धुराचा मनस्वी कंटाळा, त्यामुळे तिचा वाटा बेलार्मिनोच्या नशिबी आला. संध्याकाळी घरापुढच्या पोर्चमध्ये दोन खुर्च्या, तिच्या हातात कॉफी, त्याच्या तोंडात सिगार. पहिला झुरका झाला की ती विचारायची, ‘‘कसाय?’’ तो म्हणायचा, ‘‘बरा आहे.’’ याहून मोठी स्तुती त्या माणसाच्या तोंडून उभ्या जन्मात निघाली नाही, आणि तिनंही कधी मागितली नाही.

मग तिच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. सांधा इतका झिजला की पान ताणून धरता येईना. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. ओनेलियानं शेवटची जुडी बांधून घरी आणली. पन्नास सिगारांची ही जुडी, हिला इथले लोक ‘अर्धं चाक’ म्हणतात. तिनं ते अर्धं चाक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, ‘‘घे. ओढ. दुकान बंद.’’

बेलार्मिनोला ते ओढवेना. रोज एक म्हटला तर जुडी नाताळच्या आत खलास, आणि त्यानंतर ओनेलियाच्या हातचा सिगार जगात शोधून सापडायचा नाही. त्यानं जुडी उचलून कपाटावर ठेवली आणि स्वतः कोपऱ्यावरच्या नुन्सियोच्या दुकानातले, कुणा अनोळखी माणसानं वळलेले सिगार आणून ओढायला लागला.

कपाटाच्या बरोबर वर एसीचं तोंड होतं. ते त्यानंच बसवलं होतं, आणि झकास बसवलं होतं. घरात थेंबभर दमट हवा राहत नसे. एका रविवारी सहज म्हणून त्यानं जुडीतला एक सिगार काढून बोटांत दाबला, तर तो पापडासारखा कुरकुरला आणि वरचं पान उभं चिरलं.

‘‘गेला!’’ बेलार्मिनो ओरडला.

‘‘जाणारच,’’ ओनेलिया स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘‘तुझ्या त्या यंत्रानं माझे गुडघे सुकवले, आता सिगार सुकवले. मी आहे अजून थोडी ओली, माझ्याकडेही बघायला सांग त्याला.’’

‘‘थट्टा नको. मी पेटी आणतो. ह्युमिडॉर. त्यात ओलावा टिकतो, वर्षानुवर्षं सिगार ताजे राहतात.’’

‘‘हे बघ म्हाताऱ्या, सिगार म्हणजे पाव. भट्टीतून निघाला की खायचा. पेटीत घालतात ते मेलेल्याला.’’

बेलार्मिनो उठला. टोपी घातली, जुडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाहेर पडला.

नुन्सियो वालेंती हा सिसिलियन बापाचा मुलगा, पण भांडायचा मात्र इथल्या क्यूबन लोकांच्या अस्सल थाटात. त्यानं जुडी उलगडली, वास घेतला, डोळे मिटले. ‘‘जगतील,’’ तो म्हणाला. ‘‘पण तुझ्यासारख्या कसायाच्या हाती देऊ नयेत. ये, पेट्या बघ.’’

पहिली पेटी काचेच्या झाकणाची, सोनेरी बिजागऱ्यांची. बेलार्मिनोनं खिशातून एक डॉलरची नोट काढली, झाकणाखाली धरली, झाकण लावलं आणि नोट ओढली. सळ्ळकन बाहेर. फ्रिजच्या दाराचं रबर त्यानं जन्मभर असंच तपासलं होतं.

‘‘गळते,’’ तो म्हणाला.

‘‘लेका, हा फ्रिज आहे का?’’

‘‘झाकण ते झाकण.’’

दुसरी पेटी लाल चकचकीत, मध्ये कोरलेलं जहाज. नोट पुन्हा बाहेर. शिवाय आतून व्हार्निशचा वास. तिसरी, चौथी. बेलार्मिनोनं दुकानातले दिवे घालवायला लावले आणि पेटीत पेटती बॅटरी ठेवून फटीतून उजेड दिसतो का ते पाहिलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दार उघडून आत आलं, अंधारात दोन म्हातारे एका पेटीवर वाकलेले पाहून ‘सॉरी’ म्हणालं आणि निघून गेलं. नुन्सियोनं कपाळावर हात मारला.

शेवटी फळीच्या कोपऱ्यातली एक साधी अक्रोडाची पेटी निघाली. ना नक्षी, ना काच. आतून सीडरचं लाकूड, रंग न दिलेलं, वास गोड. झाकण सोडलं की ते धाडकन न पडता हवा दाबत सावकाश खाली बसायचं. नोट अडकली ती हलेचना.

‘‘ही,’’ बेलार्मिनो म्हणाला.

‘‘लहान आहे. सगळे पहिल्यांदा लहान घेतात आणि वर्षात परत येतात. सिगार वाढत जातात रे. दुप्पट मोठी घे.’’

‘‘माझे नाही वाढायचे,’’ बेलार्मिनो म्हणाला. ‘‘तिच्या हातचे एवढेच आहेत.’’

नुन्सियोनं मग पुढे काही रेटलं नाही. पेटी पुसून दिली आणि काय करायचं ते समजावलं. ‘‘नवं लाकूड तहानलेलं असतं. आधी त्याला पाजायचं. आत एका वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेव, झाकण लाव आणि विसरून जा. आजच सिगार आत टाकलेस तर लाकूड त्यांच्यातलंच पाणी पिऊन बसेल. तोवर जुडी माझ्या मागच्या खोलीत राहील. पाणी औषधाच्या दुकानातलं आण. नळाचं नाही, समजलं?’’

‘‘समजलं.’’

समजलं होतं, पण पटलं नव्हतं. पाणी विकत घ्यायचं, आणि तेही टॅम्पात? घराच्या मागे एसीच्या नळीतून अहोरात्र पाणी ठिबकत होतं. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, मग डिस्टिल्ड म्हणजे आणखी वेगळं काय असतं? या विषयात बेलार्मिनोला कुणी शिकवावं हे त्याला मान्यच नव्हतं. त्यानं नळीखाली वाटी धरली.

पेटीबरोबर ओलाव्याचा काटाही आला होता. तो खरं बोलतो का, हे बघायला नुन्सियोनं मिठाची युक्ती सांगितली होती: बाटलीच्या झाकणात ओलं मीठ आणि काटा एका पिशवीत बंद करायचे, काटा पंचाहत्तरवर थांबला तर तो इमानदार. बेलार्मिनोनं जेवणाच्या टेबलावरचं मीठ घेतलं, त्यातले तांदळाचे दाणे वेचून काढायला लागला.

‘‘राहू दे की तांदूळ,’’ ओनेलिया म्हणाली. ‘‘वर काळ्या घेवड्याची उसळ घालते, म्हणजे काटा पोटभर जेवून खरं बोलेल.’’

काटा तांदळाविनाही खरं बोलला. बेलार्मिनोनं पेटी पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली आणि वाट पाहायला लागला. ‘पाहायला लागला’ हे शब्दशः घ्या. सकाळी उठला की झाकण उघडायचा. कॉफीनंतर उघडायचा. भाजी आणून आला की टोपीसकट उघडायचा. दर वेळी काटा खाली घसरायचा आणि दर वेळी तो चुकचुकायचा.

‘‘सेन्योरा पार्दो आठवते का रे?’’ ओनेलियानं एकदा विचारलं.

‘‘कोण?’’

‘‘आर्मेनिया अव्हेन्यूवरची. फ्रिज थंड होत नाही म्हणून तुला बोलावलं, तर तू म्हणालास, बाई, फ्रिजला काही झालेलं नाही, तुम्ही दार उघडून बघत बसता हाच रोग आहे. रडली बिचारी.’’

बेलार्मिनोनं झाकण लावलं. दोन दिवस निग्रहानं उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, आणि आतून पावसात भिजलेल्या कुत्र्याचा वास आला. कोपऱ्यातल्या सीडरवर बारीक पांढरी लव आली होती.

पेटी काखोटीला मारून तो नुन्सियोकडे धावला. नुन्सियोनं नाक आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. ‘‘पाणी कुठलं?’’

बेलार्मिनोनं सांगितलं.

नुन्सियो आधी हसला, मग खोकला, मग खुर्चीत बसून पुन्हा हसला. ‘‘आयुष्यभर लोकांना सांगत आलास ना, की त्या नळीत शेवाळ साचतं, साफ करून घ्या? त्याचे पैसे घेत होतास ना रे? आणि स्वतःच्या पेटीला तेच पाजलंस!’’

शहाणा माणूस चुकतो तो आपल्याच शहाणपणाच्या विषयात, हे बेलार्मिनोला त्या दिवशी कळलं. पण कबूल मात्र त्यानं केलं नाही. म्हणाला, नळी जुनी आहे. मग स्पिरिटनं पेटी आतून पुसली, काचकागदानं घासली, उन्हात वाळवली आणि गुपचूप औषधाच्या दुकानात जाऊन पाण्याची बाटली आणली. वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. संध्याकाळी पोर्चमधली दुसरी खुर्ची रिकामी असायची. ओनेलिया आत टीव्ही लावून बसायची. आधी त्याला वाटलं, गुडघे दुखत असतील. मग एका संध्याकाळी त्यानं दारातून विचारलं, ‘‘कॉफी बाहेर घेत नाहीस हल्ली?’’

‘‘बाहेर येऊन काय करू?’’ ती टीव्हीकडे बघतच म्हणाली. ‘‘परक्याचा सिगार ओढणाऱ्या माणसाला काय विचारू, कसाय म्हणून?’’

‘‘अगं, तुझे जपायलाच तर हे चाललंय.’’

‘‘मी जपायला नव्हते वळले.’’

‘‘संपतील ते.’’

‘‘संपायलाच वळले होते, बेलार्मिनो.’’ तिनं त्याला नावानं हाक मारली म्हणजे राग खरा असायचा. ‘‘माझा हात गेला, ते मी सोसलं. पण तू रोज माझ्यासमोर दुसऱ्याच्या हातचं ओढतोस, हे नाही सोसत.’’

बेलार्मिनो दारातून मागे फिरला. तो बाहेर येऊन बसला. हातातला सिगार विझला होता, तो त्यानं पुन्हा पेटवला नाही. तिचं म्हणणं त्याला कळत होतं. पण ती जुडी संपल्यावरची संध्याकाळ डोळ्यांपुढे आली की जुडी जपावीशीच वाटे. 

पेटी तयार झाली. या वेळी सीडरचा वास स्वच्छ होता आणि काटा जागचा हलत नव्हता. बेलार्मिनो नुन्सियोकडून जुडी घेऊन आला. सिगार पुन्हा मऊ, जिवंत झाले होते. तो एकेक आत ठेवायला लागला, तर ओनेलिया मागून आली.

‘‘असे कुणी रचतं का? सरक.’’

ती खुर्ची ओढून बसली. चांगल्या हातानं एकेक उचलून, उजेडात धरून, गडद पानाचे खाली आणि फिकट वर असे लावत गेली. दुखरा अंगठा तिनं वर धरला होता.  शेवटाला आल्यावर तिनं एक सिगार बाजूला काढला.

‘‘हा नापास.’’

‘‘का?’’

‘‘टोपी वाकडी बसलीय. हा टिकायचा नाही. आत ठेवलास तर शेजारचेही बिघडवेल.’’

बेलार्मिनोनं सिगार हातात घेतला. टोकावरची पानाची टोपी इतकी गुळगुळीत होती की जोड कुठे ते दिसेना. ‘‘मला तर सरळ दिसतेय.’’

‘‘वळणारी कोण, तू की मी?’’

मग काय करणार? त्यानं तो ओढला. ओनेलिया कॉफी घेऊन शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी तिनं पेटी उघडून आणखी एक नापास केला, याचं पान म्हणे शिरेत जाडं होतं. तिसऱ्या दिवशीचा म्हणे मधोमध सैल होता. सैल कुठला, तो तिच्या स्वभावासारखा घट्ट होता. बेलार्मिनो भाबडा असेल, आंधळा नव्हता.

चौथ्या दिवशी ती भांडी घासत होती. बेलार्मिनोनं स्वतःच पेटी उघडली आणि सगळ्या सिगारांवरून बोट फिरवलं. त्यातला सर्वांत देखणा, डाग नसलेला, काठीसारखा सरळ सिगार त्यानं निवडला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

‘‘ओनेलिया, हा बघ जरा. मला ठीक वाटत नाहीये. टिकायचा नाही.’’

तिनं हात पुसले. चष्मा लावला. सिगार उलटसुलट करून बराच वेळ पाहिला.

‘‘अगदीच वाईट आहे रे,’’ ती म्हणाली. ‘‘मला लाज वाटते हा वळल्याची.’’ आणि काडेपेटी त्याच्या हातात देऊन ती कॉफी ओतायला वळली.